घरी राहिलेल्याची बाटली

१

ओटमार केसेलरिंग मेला तेव्हा अख्खं गाव कांद्याचा केक खात बसलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर जो तो म्हणत सुटला की त्या दिवशी सकाळपासूनच मनात पाल चुकचुकत होती. कुणाच्याही मनात काही चुकचुकत नव्हतं. ऊन छान पडलं होतं आणि आम्ही मजेत होतो.

ऑक्टोबरचा पहिला रविवार म्हणजे आमच्या पदयात्रा मंडळाची वाल्टर्सबुर्गची फेरी. साडेआठला चर्चसमोरून निघायचं, द्राक्षमळ्यांतून दहा किलोमीटर चालायचं आणि अकराला त्या तटबंदीच्या गावाच्या लोखंडी वेशीत कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. मग तीनपर्यंत जो तो मोकळा. कुणी तटावरून चक्कर मारतो, कुणी बोळातल्या एखाद्या वाईनवाल्याच्या ओसरीवर बसून खातो. तीनला पुन्हा वेशीत जमून परत. फोन घरी ठेवायचा, हा मंडळाचा नियम. आणि दुसरा नियम त्याहून जुना: जे चालू शकत नाहीत म्हणून घरी राहिले, त्यांच्यासाठी तिथून नव्या वाईनची एक बाटली आणायची. ही वाईन अजून आंबत असते, ताकासारखी गढूळ, म्हणून बाटलीला बूच घट्ट लावत नाहीत आणि ती उभीच न्यावी लागते. साठ माणसं बाटल्या छातीशी धरून, तान्हं मूल आणावं तशी चालत येतात. माझ्या घरी राहिलेलं कुणी नाही. तरी मीही आणते.

साडेपाचला गावात शिरलो तर केसेलरिंगांच्या अंगणात पोलिसांची गाडी उभी होती.

ओटमार अठ्ठ्याहत्तरचा, गुडघे गेलेला, कानांनीही जवळजवळ बहिरा, म्हणून घरी. रोज दुपारी एकच्या ठोक्याला तो तळघरात उतरून पिंपं बघायचा. रस आंबायला लागला की त्यातून वायू सुटतो. त्याला ना रंग, ना वास. तो जमिनीलगत साठतो आणि खाली वाकलेल्या माणसाला वर येऊ देत नाही. म्हणून हंगामभर तळघराचा मोठा पंखा रात्रंदिवस चालू असतो. त्या दिवशी पंखा बंद होता, खटका खाली केलेला.

मला तिथे कुणी बोलावलं नव्हतं, पण मी गेले. ओटमारचा जावई फोल्कर माझ्या भावाचा मुलगा, माझा भाचा. स्वयंपाकघरात त्याची बायको अ‍ॅनेलोरे टेबलावर डोकं टेकून बसली होती. फोल्करनं आणलेली बाटली तिथेच होती, सासऱ्यासाठी आणलेली. कुणीतरी ती सगळ्यांना थोडी थोडी ओतली, धीर यावा म्हणून. मीही एका दमात कप रिकामा केला. गोड लागली आणि त्या घटकेला बरं वाटलं. अंगणातून द्राक्षं पिळायच्या घाण्याचा गुलाबपाण्यासारखा वास येत होता.

दाराशी ग्रिगोरे उभा होता, तळघरातल्या ओलीनं गुडघ्यापर्यंत भिजलेला. अकरा वर्षं दर हंगामाला तो रुमानियाहून इथे येतो. दोन वाजता त्यानंच पंखा सुरू करून म्हाताऱ्याला ओढून वर आणलं होतं.

"पंखा मी बंद केला नाही," तो म्हणाला. "मी गेलो तेव्हा चालू होता. कुणीतरी बंद केला."



२

निरीक्षक श्टाउडिंगर शहरातून आला होता. थकलेला, सर्दी झालेला माणूस, दर वाक्याला रुमाल काढणारा. त्याला त्यात कोडं वगैरे काही दिसलं नाही.

"पंख्याची जबाबदारी कुणाची?"

"त्याची," अ‍ॅनेलोरे म्हणाली आणि ग्रिगोरेकडे बोट केलं. "घाण्याच्या वरच्या खोलीत झोपतो. रोजची कटकट, पंख्याच्या आवाजानं झोप लागत नाही. बंद केला असणार आणि विसरला. माझा बाप मारला यानं."

"ताई, आवाजाचं मी हसत म्हणायचो," ग्रिगोरे म्हणाला. "अकरा वर्षं म्हणतोय. एकदा तरी बंद केला का?"

"तू कुठे होतास?" निरीक्षकानं विचारलं.

"चर्चला. आमचं चर्च शहरात आहे. अकरा पाचच्या बसनं गेलो, दोनला आलो."

"म्हणजे जायच्या आधी बंद केलास."

"नाही."

निरीक्षकानं नाक पुसलं आणि माझ्याकडे वळला. गावात मला जरा मान आहे. एकतीस वर्षं मी सरकारी खात्यात वाईन चाखायचं काम केलं. कुठली वाईन विकायला योग्य, कुठल्यात भेसळ, हे माझ्या सहीनं ठरायचं. गाव मला मागून खात्याची जीभ म्हणतं, आणि त्या जिभेला हाड नाही असंही म्हणतं.

"तुम्हाला काय वाटतं, बाई?"

"विसरला असेल बिचारा," मी म्हणाले.

मी असं म्हणाले. माझा भाचा भिंतीला टेकून पांढराफटक उभा होता, घरात मयत होती आणि मला ते लवकर मिटायला हवं होतं. ग्रिगोरेनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग भिजलेल्या बुटांकडे बघत राहिला.

निरीक्षकानं त्याचं ओळखपत्र काढून घेतलं. मंगळवारी सकाळी नऊला तो परत येणार होता आणि ग्रिगोरेला घेऊन जाणार होता. हयगयीनं माणूस मारल्याचा आरोप, म्हणजे तुरुंग, आणि नंतर या देशात पुन्हा कुणी त्याला मळ्यात उभं करणार नाही. मधे फक्त सोमवार उरला होता.

मी अंगणातून बाहेर पडले तर शेजारच्या कुंपणावरून एडेलबर्ट श्लोसर डोकावत होता. मला बघताच तो झटकन खाली बसला. सत्तरीचा माणूस कुंपणामागे लपून बसतो, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

३

सोमवारी सकाळी सातला मी त्याच्या दारात होते.

"एडेलबर्ट, काल लपत का होतास?"

"इर्मे, सकाळी सकाळी डोकं खाऊ नकोस. मी कोबीतल्या गोगलगाई वेचत होतो."

"तुझ्याकडे कोबी नाही."

तो वैतागून आत गेला आणि दार उघडं ठेवून गेला. एडेलबर्टकडे आमंत्रण म्हणतात ते एवढंच. त्याचं आणि ओटमारचं वीस वर्षं वाकडं होतं, या पंख्यावरूनच. पंख्याचं तोंड याच्या अंगणाकडे. दोनदा यानं त्याची तार कापली होती, दोनदा दंड भरला होता. सहलीला तो येत नाही, कारण ओटमार मंडळाचा अध्यक्ष.

"तू काल घरी होतास," मी म्हणाले.

"मग? घरी असणं गुन्हा झाला का?"

"पंखा कधी बंद पडला?"

त्यानं कॉफीत साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली.

"तुझ्या कानाशी तो पंखा वीस वर्षं कोकलतोय. तो थांबला आणि तुला कळलं नाही, हे मला सांगू नकोस."

"कळलं ना!" तो एकदम ओरडला. "कळलं! बाराची घंटा व्हायच्या आधी, दहा-पंधरा मिनिटं. मी इथेच बटाटे सोलत होतो. एकदम शांत. मग घंटा झाली, आणि इर्मे, सप्टेंबरपासून पहिल्यांदा मला ती घंटा नीट ऐकू आली. मी चक्क देवाचे आभार मानले. तिकडे तो खाली मरायला जाणार होता आणि मी आभार मानत होतो."

"आणि हे तू निरीक्षकाला सांगितलं नाहीस."

"कसं सांगू? तार दोनदा कुणी कापली? मी. गावात कुणाशी त्याचं वाकडं? माझ्याशी. घरी कोण? मी. स्वतःच्या गळ्यात दोर अडकवून घेऊ?"

"म्हणून ग्रिगोरेच्या गळ्यात जाऊ दिलास. तो अकरा पाचच्या बसमध्ये बसला होता. बसवाल्यानं बघितलंय. पावणेबाराला तो शहरात होता, शहाण्या."

एडेलबर्टनं कप बाजूला सारला.

"तो परका आहे," तो हळूच म्हणाला. "निघून जाईल. मला इथेच राहायचंय."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण आदल्या संध्याकाळी मी स्वतः काय बोलले ते आठवलं आणि हात खाली राहिला. त्याला तिथल्या तिथे श्टाउडिंगरला फोन करायला लावलं आणि मग फोन मी घेतला.

श्टाउडिंगर फोनवर शिंकला. "म्हणजे बाई, हा खून. आणि करणारा एकतर हा श्लोसर, नाहीतर कुणीतरी सहलीतून परत आलेला."

"अ‍ॅनेलोरे साडेअकरा ते साडेबारा वाल्टर्सबुर्गच्या चौकात गात होती. आमचं गायक मंडळ. अख्खा चौक साक्षीदार."

"आणि तुमचा भाचा?"

घर, मळे, तळघर, सगळं म्हाताऱ्याच्या मागे त्या दोघांचंच होणार. विचारणं भाग होतं, हे मलाही कळत होतं. तरी माझे कान तापले.

"त्याचं मी बघते," मी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत सांगते."

४

मी पुन्हा चालतच गेले. बस होती, पण चालताना मला विचार सुचतात. आणि खरं सांगायचं तर पोचायची घाई नव्हती.

फोल्करला मी घडवलं. आठ वर्षांचा असताना त्याला डोळे मिटायला लावून सफरचंद, नाशपाती, ओली माती, काडेपेटी असं हुंगायला द्यायची. सोळाव्या वर्षी तो वासावरून मळा ओळखायचा. ओटमारला तळघर सांभाळणारा हवा होता तेव्हा मीच शब्द टाकला. मग मुलगीही त्यालाच मिळाली. माझ्या आयुष्यात मी सही केलेल्या हजारो बाटल्यांपेक्षा मला त्या पोराचा अभिमान जास्त होता.

वेशीतून आत शिरले. तेक्ला बॉयमलरची ओसरी, म्हणजे हंगामापुरती खाण्यापिण्याची जागा, तटाला लागूनच आहे. आमची सगळी मंडळी नवी वाईन तिच्याकडेच भरून घेतात, कारण रविवारी दुसरं कुणी विकत नाही. तेक्ला विधवा, माझ्याच वयाची, आणि रविवारच्या गर्दीनंतर सोमवारी तिच्याशी न बोललेलं बरं.

"पुन्हा आलीस? काल छळून पोट भरलं नाही?"

"तेक्ला, काल पिंप कधी संपलं?"

"साडेअकराला तोटी उघडली, बाराच्या घंटेला थेंब नव्हता. इतक्या लवकर कधी संपत नाही. तुमचे लोक अकरापासून रांगेत, घरी कोण मरतंय त्याच्यासाठी बाटल्या भरून घ्यायला." ती थांबली. "देवा. तसं म्हणायचं नव्हतं मला."

"फोल्कर आला होता?"

"साडेबारापासून होता की. त्या कोपऱ्यात बसला, तिनापर्यंत. ताट घेतलं, अर्धं टाकलं. बाटली समोर ठेवून बसला होता."

"बाटली भरलेली?"

"गळ्यापर्यंत."

"तूच भरून दिलीस?"

"इर्मा, मी पन्नास-साठ बाटल्या भरल्या. मी माणसांची तोंडं बघत नाही, बाटल्यांची बघते. पण साडेबाराला पिंप कोरडं होतं, आणि याची बाटली भरलेली होती. म्हणजे आधी रांगेत उभा असणारच ना?"

असणारच. माझ्या छातीवरचा दगड उतरला. साडेअकरा ते बाराच्या मधे तो तिथे रांगेत होता, मग पावणेबाराला दहा किलोमीटरवर पंख्याचा खटका कसा दाबणार? मी धपकन बाकावर बसले. तेक्लानं न विचारता कॉफी आणली आणि समोर बसून स्वतःचं रडगाणं सुरू केलं.

"यंदा माझी अब्रू गेली बघ. मागच्या सोमवारी रस काढला, आठवडाभर ही उकाड्याची हवा, आंबता आंबता सगळी साखर खाऊन बसली. कडक, आंबट. तुमचा तो अध्यक्ष... असो, तो आला नव्हता. पण सगळ्यांनी नाकं मुरडली. एक म्हणाला, सॅलडमध्ये घालतो."

"मला तर गोड लागली," मी म्हणाले, तिला बरं वाटावं म्हणून नाही, खरंच. "काल संध्याकाळी केसेलरिंगांकडे."

"माझी? गोड?" तेक्ला हसली. "इर्मा, म्हातारी झालीस."

मी हातातला कप खाली ठेवला.

५

घरी येऊन मी माझी बाटली उघडली. एक घोट घेतला आणि मोरीत थुंकला. तेक्ला खरं बोलत होती.

मग केसेलरिंगांकडे गेले. अ‍ॅनेलोरे पाद्रीबाबांकडे गेली होती, फोल्कर मळ्यात. फ्रिजमध्ये कालची बाटली अर्धी शिल्लक होती. ती अंगणात नेली नाही. चोथ्याच्या आणि घाण्याच्या वासापासून लांब, रस्त्यापलीकडे चर्चच्या पायरीवर नेली आणि बूच काढलं.

हातभर अंतरावरून गुलाबपाण्याचा वास आला.

आमच्या सगळ्या टापूत त्या वासाचं द्राक्ष एकच माणूस लावतो. मॉरिओ म्हणतात त्याला. ओटमारच्या बायकोच्या हौसेखातर लावलेल्या दोन ओळी. लोक हसतात, ही वाईन आहे की साबण म्हणून. ती गेल्यावरही ओटमारनं ते वेल उपटले नाहीत. यंदा मॉरिओचा रस शुक्रवारी काढला होता आणि घाण्याच्या खोलीत, वरच, एका लहान पिंपात ठेवला होता. तळघरात न उतरता कुणालाही तोटी फिरवता येईल असा. पंख्याचा खटकाही त्याच खोलीत आहे.

काल मला कळलं नाही, कारण अंगणभर तोच वास होता.

मी पायरीवर बसून राहिले. बाटली वाल्टर्सबुर्गची नव्हती. ती या अंगणातली होती. पुन्हा पोचेपर्यंत तेक्लाचं पिंप संपलेलं असेल ही त्याला भीती, रिकाम्या हातानं परतलं तर लोक विचारणार, म्हणून इथूनच भरून नेली. इथवर सगळं सरळ होतं आणि मला ते नको होतं. म्हणून मी दुसरं टोक धरलं. फोल्कर असं करणारच नाही. सोळाव्या वर्षी मळा ओळखणारा पोरगा मॉरिओ भरलेली बाटली तेक्लाच्या नावावर खपवेल? सगळ्या जगाच्या समोर टेबलावर ठेवेल? ती लपवेल, फोडेल, वाटेत ओतून देईल. असली चूक आमच्या गावातलं शेंबडं पोरही करणार नाही.

फक्त एकच माणूस करेल. ज्याला ती हुंगून काही कळत नाही, आणि म्हणून तो वास हातभर लांबूनही येतो हे जो विसरलाय, तो.

मग मला गेल्या वर्षातल्या गोष्टी एकेक करून दिसायला लागल्या. चाखताना तो हल्ली सासऱ्याला आधी बोलू द्यायचा. स्वतः म्हणायचा, "बरोबर, मलाही तेच वाटलं." घाण्यात करपलेल्या पंपाचा जळका वास भरला होता तेव्हा सगळे नाक दाबत बाहेर आले आणि हा आत काम करत राहिला. मी बघितलं होतं. मी, एकतीस वर्षं लोकांच्या लबाड्या पकडणारी, ते बघून म्हणाले होते, पोरगा किती मेहनती आहे.

मी श्टाउडिंगरला फोन केला. म्हणाले, उद्या नऊला याच, पण कुणाला घेऊन जायचं ते नंतर ठरवा.

६

मंगळवारी नऊला टेबलापाशी आम्ही पाच जण होतो. श्टाउडिंगर रुमालासकट. अ‍ॅनेलोरे. दाराशी पिशवी भरून तयार उभा असलेला ग्रिगोरे. फोल्कर आणि मी.

मी तीन मातीचे कप मांडले, आतून काळे, रंग कळू नये असे.

"हे काय, आत्या?" फोल्करनं विचारलं.

"एकात तू रविवारी आणलेली वाईन आहे. कुठल्यात, सांग."

"आत्याबाई, ही काय वेळ आहे खेळायची?" अ‍ॅनेलोरे कडाडली. "बाप पुरायचाय मला!"

"एक मिनिट लागेल त्याला. आठ वर्षांचा असताना अर्धं मिनिट लागायचं."

 फोल्करनं पहिला कप उचलला. हलकेच गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. मी शिकवलं होतं तसंच, तंतोतंत. दुसरा, तिसरा. मग परत दुसरा, आणि या वेळी एक घोट घेऊन तोंडभर फिरवला.

"ही," तो म्हणाला. "तेक्लाची, तिच्या सिल्वानर द्राक्षांची. यंदा जरा कडक झालीय, पण आत हिरवं सफरचंद आहे."

कडक झालीय हे त्यानं परतीच्या वाटेवर लोकांच्या तोंडून ऐकलं असणार.

"फोल्कर, त्यात सोडा आहे," मी म्हणाले. "सोडा आणि चमचाभर दूध."

 अ‍ॅनेलोरेनं तो कप ओढून घेतला, चाखला आणि नवऱ्याकडे बघितलं. तिला अजून सगळं कळलं नव्हतं, पण कळायला लागलं होतं.

"पहिल्यात तेक्लाची आहे, माझ्या बाटलीतली," मी श्टाउडिंगरला सांगितलं. "तिसऱ्यात यानं आणलेली. हुंगून बघा, तुमच्या सर्दीतही येईल."

त्यानं हुंगलं. "गुलाब?"

"हे द्राक्ष फक्त या घरात आहे. पिंप त्या भिंतीपलीकडे, पंख्याच्या खटक्याशेजारी. रविवारी अकराला यानं वेशीत शिक्का मारला. तटाखाली केसेलरिंगांचा एक मळा आहे, तिथल्या झोपडीत सायकल असते. उताराची वाट, अर्धा तास. पावणेबाराला खटका दाबला, बाटली भरली, साडेबाराला तेक्लाच्या कोपऱ्यात जाऊन बसला. बाटली हाच त्याचा साक्षीदार. फक्त साक्षीदार काय बोलतोय ते याला ऐकू येत नव्हतं."

"फोल्कर," अ‍ॅनेलोरे म्हणाली. "नाही म्हण."

तो नाही म्हणाला नाही. त्याचे खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी कुणी ओझं उतरवावं तसा तो बसला.

"गुरुवारी त्यांनी मला एक ग्लास दिला," तो म्हणाला. "खराब झालेली वाईन. कुजकी. मी म्हणालो, छान आहे, अजून महिनाभर ठेवू. ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, रविवारी सगळे परत आले, बाटल्या उघडल्या, की सगळ्यांसमोर तुझी परीक्षा घेतो. गावाला कळू दे माझं तळघर कोण सांभाळतं ते. आणि सोमवारपासून तू ग्रिगोरेच्या हाताखाली पिंपं धुवायची."

"म्हणून मारलंस?" तिचा आवाज फुटला. "एवढ्यासाठी? मला सांगायचंस! आपण दुसरं काही केलं असतं!"

"काय केलं असतं? मला दुसरं काय येतं?"

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दुसरा हिवाळा येईल आता. गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर. आधी नाक गेलं, मग जीभ." तो आता फक्त माझ्याशी बोलत होता. "तुला माहीत होतं, आत्या."

"मला? मला काय माहीत?"

"मी सगळ्यात आधी तुझ्याकडेच आलो होतो. फेब्रुवारीत, तुझ्या वाढदिवसाला. तू सूप वाढत होतीस. मी तुझ्या कानाशी म्हणालो, आत्या, मला हल्ली कशालाच चव लागत नाही, भीती वाटते. तू मोठ्यानं म्हणालीस, लग्नाला बारा वर्षं झाली की असंच होतं रे. सगळं टेबल हसलं. मग मी पुन्हा कुणाला सांगितलं नाही."

मला आठवलं. सूप आठवलं, हशा आठवला, माझी कशी वाहवा झाली तेही आठवलं. त्याचा चेहरा मात्र आठवेना, कारण मी तिकडे बघितलंच नव्हतं.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. श्टाउडिंगर उठला. फोल्कर त्याच्या आधी उठला होता.

७

गाडी गेल्यावर स्वयंपाकघरात आम्ही तिघं उरलो. ग्रिगोरेचं ओळखपत्र टेबलावर होतं. त्यानं ते उचललं, खिशात घातलं आणि पिशवी खांद्याला लावली.

अ‍ॅनेलोरे खिडकीकडे तोंड करून उभी होती. बाहेर दोन तृतीयांश द्राक्षं अजून वेलीवर होती, आणि तळघरात सहा पिंपं आंबत होती.

"ग्रिगोरे," ती म्हणाली.  "मला एकटीला नाही जमणार."

"ताई, तुम्ही मला खुनी म्हणालात. इथे म्हणालात, मग बेकरीत म्हणालात, चर्चच्या दारात म्हणालात. बेकरीवाल्यानं काल मला पाव दिला नाही."

"मी जाऊन सांगते सगळ्यांना."

"आज."

"आज. आत्ता जाते."

ती खरंच निघाली. डोक्याला काळा रुमाल, डोळे सुजलेले, दोन दिवसांत बाप आणि नवरा दोन्ही गमावलेली बाई, बेकरीच्या दारात जाऊन माफी मागायला. माझ्या शेजारून गेली तेव्हा तिनं स्कर्ट आवरून घेतला, मला लागू नये म्हणून. त्या दिवसापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

ग्रिगोरेनं पिशवी पुन्हा खाली ठेवली. मी त्याला कॉफी ओतली, त्यानं घेतली नाही.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"हे सगळं तुम्ही माझ्यासाठी शोधलंत?"

हो म्हणणं किती सोपं होतं. एडेलबर्टकडे गेले होते, पुन्हा दहा किलोमीटर चालले होते. पण मी एडेलबर्टकडे गेले ती त्याचं लपणं मला खटकलं म्हणून. तेक्लाकडे गेले ती माझा भाचा सुटावा म्हणून. आणि चर्चच्या पायरीवर गेले ती ही जीभ कधी चुकत नाही, हे स्वतःला दाखवायला.

"नाही," मी म्हणाले.

"आणि तुम्हाला काही सापडलं नसतं तर?"

"तर आज सकाळी तुला गाडीत बसवताना मी तिथे उभी राहिले असते. बिचारा म्हणाले असते. आणि घरी जाऊन जेवले असते."

त्यानं मान हलवली, जणू हे त्याला रविवारपासून माहीत होतं. मग दारामागचे रबरी बूट ओढले, पायांत घातले आणि द्राक्षं उतरवायला मळ्यात गेला.